जुगाड म्हणू नका!

परवा हापिसातल्या ग्रुपवर तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरत आला. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार, आणि त्यांनी भंगारातले भाग जोडून बनवलेली, किक मारून सुरू होणारी ती चिमुकली जीप. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यावर ट्वीट केलं, बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. व्हिडिओखाली आमच्या मंडळींचे अंगठे, हसरे चेहरे आणि "क्या जुगाड है बॉस!"

हा शब्द माझ्या डोक्यात जातो. चपलेचा अंगठा तुटला की सेफ्टी पिन लावतात, त्याला जुगाड म्हणा. दुचाकीसाठी बनलेलं इंजिन चारचाकीत बसवून ते चालतं ठेवणं म्हणजे जुगाड नव्हे. ती गाडी नियमांत बसत नाही, हे मान्य. खुद्द महिंद्रांनीही तेव्हा ते लिहिलं होतं. ब्रेकपासून लाइटपर्यंत तपासल्याशिवाय असलं काही रस्त्यावर येऊ नये, हेही मान्य. पण तो मुद्दा वेगळा.

मी हे एवढं तावातावाने का बोलतोय, तर माझ्या मामाने अशीच एक गाडी बनवलीय. पनवेलजवळ नेऱ्याला त्याची वाडी आहे, गाडी तिथल्या तिथेच फिरते. जुन्या मोटरसायकलचं इंजिन, चेन ड्राइव्ह, पत्र्याची घरी जोडलेली टाकी. पहिल्या किकला सुरू. दहा-बारा मिनिटं झकास, मग दोन आचके आणि ठप्प. पाव तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

मी मेकॅनिकलचा इंजिनियर (हो, कॅम्पसमधून थेट आयटीत, तुमच्यापैकी निम्म्यांसारखाच). चार वर्षांत ऑटो सायकलचा पी-व्ही आलेख मी इतक्या वेळा काढलाय की आजही झोपेत काढून दाखवेन. पण बंद पडलेल्या इंजिनासमोर उभं राहून पहिला प्रश्न काय विचारायचा, हे त्या चार वर्षांत कोणी शिकवलं नाही. मग मी तेच केलं जे सगळे करतात. कार्ब्युरेटर साफ केला. दोनदा. नवा प्लग. नवी इग्निशन कॉइल. तीन वीकांत आणि मामाचे पैसे, दोन्ही गेले. हापिसात सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद करतो, त्यातलाच प्रकार.

चौथ्या शनिवारी मामाच म्हणाला, "अरे, बंद पडल्यावर बघ ना. चालू असताना काय बघतोस?"

च्यायला! गरम झाल्यावर कॉइल दगा देते, गार झाली की सुधारते. पेट्रोल अडलं तरी लक्षण हेच: थांबलं की सुधारतं. दोन आजार, लक्षण एक. मग दोघांना वेगळं करणारी चाचणी नको का? गाडी ठप्प झाल्या झाल्या आम्ही प्लग काढला, त्याला टोपी लावली, प्लगच्या भोकापासून लांब इंजिनच्या अंगाला टेकवला आणि किक मारली. निळी, चटचटीत ठिणगी. म्हणजे कॉइल निर्दोष, जुनीसुद्धा. प्लगचं टोक मात्र कोरडं. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल केला, तर चार थेंब. मामाने टाकीचं झाकण फिरवलं आणि आत हवा शिरल्याचा आवाज आला, फुस्स!

झाकण रबरी वॉशरचं, घट्ट. कंपनीच्या टाकीत हवा आत यायला वाट ठेवलेली असते, ती आमच्याकडे नव्हतीच. पेट्रोल खाली उतरेल तशी आत पोकळी वाढायची, मग धार अडायची. पाव तासात फटींतून हवा झिरपली की गाडी ठीक. झाकणाला बारीक भोक पाडलं. खर्च शून्य.

आता सांगा, यात जुगाड कुठे आहे? मामा दहावी नापास. त्याला आलेख येत नाही, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी काय दिसलं ते लक्षात ठेवायचं, हे त्याला येतं. आमच्याकडे रूट कॉज लिहायला फॉर्ममध्ये खास चौकट असते. तिच्यात "मॉनिटरिंग वाढवले" असं लिहून आम्ही घरी जातो. तरी त्याला म्हणायचं जुगाडू आणि मला इंजिनियर :)

असो. गाडी बरी झाली असं समजू नका. आता ती अर्धा तास चालते, मग चढाला ताकद सोडते. प्लग काढला तर चिनी माती पांढरीफटक, जिथे फिकट तपकिरी हवी. मला वाटलं, बॉनेटखाली वारा लागत नाही, पंखा लावू. मामाने चालत्या गाडीत चोक जरासा ओढला, तर ताकद परत आली! म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. कार्ब्युरेटर आणि इंजिनमध्ये मामाने टायरच्या ट्यूबचा तुकडा बसवलाय, माझा संशय त्याच्यावर आहे. येत्या शनिवारी तो उघडणार. तोपर्यंत कशालाही हात लावू नकोस, असं मामाला बजावून आलोय. पंखा मात्र मी ऑर्डर करून बसलोय, तो परत जातोय.