जाऊ दे त्याला पुढे!

२०१४ सालचा मे महिना. भाचीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. शेजारी सौ., मागे माझी ऐंशी वर्षांची आई आणि दहावीची परीक्षा संपवून मोकळी झालेली लेक. आईच्या मांडीवर आहेराच्या साड्यांची पिशवी, लेकीच्या कानात गाणी. शिरवळ मागे पडलं आणि खंबाटकीचा घाट सुरू झाला. पुढे उसाच्या मळीचा टँकर कण्हत-कुथत चढत होता. उजवीकडे आणखी एक ट्रक त्याला मागे टाकण्याच्या खटपटीत. त्या दोघांच्या मागे मी.

आणि माझ्या मागे ती काळी, उंच गाडी.

आरशात तिचं फक्त तोंड दिसत होतं. नंबरप्लेटही दिसत नव्हती, इतकी ती जवळ आली होती. हॉर्न, मग अप्पर-डिप्पर, पुन्हा हॉर्न. पुढे दोन ट्रक आडवे असताना मी काय उडून जाऊ? पण हे त्याला सांगायचं कसं? दोन-तीन वळणं मी सोसलं. मग टँकर मागे पडला, रस्ता थोडा मोकळा झाला आणि मला डावीकडे होऊन त्याला सहज वाट देता आली असती.

मी दिली नाही. उलट, ‘थांब, दाखवतोच तुला,’ असं मनाशी म्हणत मी करकचून ब्रेक दाबला.

पुढचे दोन क्षण मला आजही आठवतात. टायरांचा कर्कश आवाज झाला. काळी गाडी डाव्या बाजूला, कठड्याच्या दिशेने भेलकांडली आणि तिच्या मागून येणारं मोटारसायकलवरचं एक जोडपं कसंबसं तोल सावरत रस्त्याच्या कडेला थांबलं. मागे बसलेल्या बाईच्या कडेवर लहान मूल होतं. कुणाला खरचटलंही नाही. काळी गाडी सावरली, एक लांबलचक हॉर्न देऊन पुढे निघून गेली. मोटारसायकलवाल्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गाडीत कुणी बोलेना. आईच्या हातातली पिशवी खाली पडून साड्या पायाशी पसरल्या होत्या. त्या गोळा करत ती म्हणाली, “अरे, माझ्या वडिलांच्या बैलगाडीचा रिवाज माहीत आहे का तुला? चाकोरीत समोरासमोर दोन गाड्या आल्या की रिकाम्या गाडीने खाली उतरायचं आणि भरलेल्या गाडीला वाट द्यायची. तुझी गाडी भरलेली आहे हे तरी ध्यानात ठेवायचंस.”

घाट उतरल्यावर चहासाठी थांबलो. पाहतो तर तीच काळी गाडी तिथे उभी! तिशीतला एक तरुण बाकावर बसून लहान मुलाला बशीतून दूध पाजत होता. शेजारी त्याची आई असावी; ती पदराने वारा घेत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांनीही नजर वळवली. मला राक्षस हवा होता, समोर निघाला एक बाप. आणि गंमत म्हणजे, एवढा आटापिटा करून त्याने मिळवलेली दोन-चार मिनिटं त्या चहाच्या टपरीवर कधीच संपून गेली होती.

हा प्रसंग इतका सविस्तर सांगण्याचं कारण असं की, रस्त्यावरच्या दांडगाईबद्दल आपण बोलतो तेव्हा नेहमी ‘तो’ असतो. तो चिकटतो, तो घुसतो, तो शिव्या देतो. त्या दिवशी घाटात सहा-सात माणसांचा जीव धोक्यात घालणारे दोघे होते, आणि त्यांतला एक मी होतो. घरी आल्यावर मी मुद्दाम नियम काढून वाचले. केंद्र सरकारने १९८९ साली केलेल्या रस्त्यावरील वर्तनाच्या नियमावलीत स्पष्ट म्हटलं होतं की, पुढचं वाहन अचानक थांबलं तरी धडक होणार नाही एवढं अंतर मागच्या चालकाने ठेवलं पाहिजे. वा! म्हणजे चूक त्याची. पण त्याच नियमावलीत हेही होतं की, सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय कुणी एकाएकी ब्रेक दाबू नये. आणि कुणी ओलांडून जात असेल तर आपला वेग वाढवून त्याला अडवू नये. म्हणजे चूक माझीही. २०१७ मध्ये त्या नियमावलीची जागा नव्या नियमांनी घेतली, पण अंतर राखण्याची जबाबदारी कायम आहे. जुन्या नियमांत आणखी एक कलम सापडलं: डोंगरी अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी. आईच्या वडिलांनी काही ही नियमावली वाचलेली नव्हती. ओझं ओढणाऱ्या बैलांकडे पाहूनच त्यांना ते कळलं असणार.

आता थोडं गणित. गणित म्हटलं की रविवारी सकाळी वाचक पान उलटतात, पण हे सोपं आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीचा लाल दिवा डोळ्यांनी पाहायचा, मेंदूला कळायचा आणि पाय ब्रेकवर जायचा, यात सावध माणसाचाही एखादा सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच २२ मीटर संपले! मागचा जर आपल्यापासून पाच मीटरवर असेल तर त्याचे ब्रेक कितीही नवे असोत, त्यांचा उपयोग होण्याची वेळच येत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होतं. रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील किंवा मागे भरलेला ट्रक असेल तर हिशेब आणखी बिघडतो.

मग मिळवतो काय आपण? पुणे ते सातारा साधारण ११० किलोमीटर. ताशी ८० ने सलग गेलो तर सुमारे ८२ मिनिटं आणि १०० ने गेलो तर ६६. कागदावर सोळा मिनिटं वाचली. त्यातली निम्मी टोलनाक्यावर जातात आणि उरलेली चहात. मागून चिकटल्याने तर तेवढीही वाचत नाहीत, कारण चिकटणारा पुढच्याच्याच वेगाने जात असतो; फक्त रक्तदाब वाढवून घेतो, स्वतःचा आणि दुसऱ्याचाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं मृत्युमुखी पडली. दिवसाला चारशे साठ! या अपघातांत मागून बसलेली धडक हा प्रकार सर्वांत मोठा होता. पाचांतला एक अपघात त्या जातीचा. त्याच वर्षी २० नोव्हेंबरच्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने पुढच्या गाड्यांना धडका दिल्या आणि पाहता पाहता चाळीसहून अधिक वाहनांचा चुराडा झाला. उतारावर एक गाडी थांबू शकली नाही की पुढच्या किती जणांना त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या रात्री पुणेकरांनी पाहिलं.

तर मग करायचं काय? गेली काही वर्षं मी जे पाळतो ते सांगतो. पहिली गोष्ट, आपण स्वतः चिकटायचं नाही. पुढची गाडी रस्त्यावरच्या एखाद्या खांबापाशी पोचली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं. ते म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हा आकडा चारपर्यंत न्यायचा. दुसरी गोष्ट, उजवी मार्गिका अडवून बसायचं नाही. ‘मी नियमात ऐंशीने चाललोय, मी का सरकू?’ हा प्रश्न मीही पुष्कळ वर्षं विचारत असे. पण उजवी मार्गिका ओलांडून जाण्यासाठी असते. ओलांडून झालं की डावीकडे यायचं, हाही नियमच आहे.

तिसरी आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे मागून कुणी चिकटलं तर त्याला शिकवायला जायचं नाही. ब्रेक दाबायचा नाही, घाबरून वेगही वाढवायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच सैल करायचा आणि आपल्या पुढचं अंतर वाढवायचं, म्हणजे आपल्याला एकाएकी ब्रेक मारावा लागणार नाही. मागचा आपल्यापासून लांब जायला तयार नसेल तर त्याच्याही वाटणीचं अंतर आपणच पुढे राखायचं. मग डावा इंडिकेटर द्यायचा आणि जागा मिळाली की बाजूला व्हायचं. जाताना त्याने काच खाली करून काही म्हटलं तर ऐकू आलं नाही असं समजायचं. आणि तो इरेला पेटून पाठलागच करू लागला तर निर्जन ठिकाणी थांबायचं नाही, उतरायचं नाही, घराकडेही वळायचं नाही. वर्दळीचा पेट्रोल पंप किंवा पोलीस चौकी गाठायची. शेजारी बसलेल्याने गाडीचा नंबर टिपून घ्यायचा आणि ११२ ला फोन लावायचा.

शेजारी बसलेल्यांची आणखी एक जबाबदारी असते. “काय हो, तो बघा कसा कट मारून गेला! तुम्ही काय बैलगाडी चालवताय?” हे वाक्य किती घरांतल्या गाड्यांत उच्चारलं जात असेल! स्टिअरिंग एकाच्या हातात असतं, पण त्याची इरेसरी बहुधा सगळे मिळून पेटवत असतात. त्याऐवजी “जाऊ दे त्याला पुढे” एवढे चार शब्द वेळेवर कुणी म्हटले तरी पुरतात. त्या दिवशी घाटात ते कुणीतरी म्हणायला हवे होते. सौ. म्हणते, “मी म्हटले होते, तुम्हाला ऐकू आले नाहीत.” शक्य आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो माझ्या लेकीनेच घेतला. ती आता नोकरी करते, रोज स्कूटर चालवते. मी हे तत्त्वज्ञान सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तुम्ही मोठ्या गाडीत बसून वाट देता, त्याला मोठेपणा म्हणतात. आम्ही रोज वाट देतो. मागून हॉर्न मारत येणाऱ्याला वाटतं, बाई आहे, दबेल. दरवेळी आम्हीच बाजूला व्हायचं? मग तो सुधारणार कधी?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिचं खरंच आहे. दांडगा पुढे जातो आणि सभ्य माणूस कडेच्या खडीत उतरतो, हे दृश्य रोज पाहिलं की सभ्यपणा म्हणजे नेभळटपणा असं मुलांना वाटू लागतं. म्हणून वाट देणं पुरेसं नाही, हे मला कबूल आहे. धोकादायक वाहन चालवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण हे कलम वापरलेलं दिसतं ते बहुधा अपघात होऊन गेल्यावर. वेगाबद्दल, हेल्मेटबद्दल पावत्या आलेले लोक माझ्या ओळखीत खंडीभर आहेत. अंतर न राखल्याबद्दल पावती आलेला एकही नाही. कॅमेऱ्यांवर एवढा खर्च होतो आहे, तर त्यांच्या डोळ्याला ही दांडगाईही दिसावी, अशी मागणी तुम्ही-आम्ही करायला हवी. वाहन परवान्याच्या चाचणीत आठचा आकडा काढता येतो का हे पाहतात; अंतर कसं मोजायचं हेही विचारावं. आणि ठरावीक तासांत माल पोचला नाही तर पैसे कापणाऱ्या मालकालाही कुणीतरी जाब विचारावा. ट्रकवाल्याला नुसत्या शिव्या घालून तो दोष धुतला जाणार नाही.

मात्र ही मागणी करायची ती घरी बसून, पत्र लिहून, तक्रार नोंदवून. शिक्षा करण्याचं काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. घाटातल्या वळणावर, मागच्या सीटवर म्हातारी आई बसलेली असताना, ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून न्यायनिवाडा करण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. कारण शिक्षा ज्याला द्यायची त्यालाच होईल याची काही खात्री नसते. माझी शिक्षा त्या मोटारसायकलवरच्या बाळाला होता होता राहिली.

लेकीला मी एवढंच म्हणालो, “तू दबलीस म्हणून वाट देऊ नकोस. संध्याकाळी आम्ही दारात तुझी वाट बघत असतो, म्हणून दे.” तिला ते पूर्ण पटलं असं नाही. पण परवा तिच्या मागे बसून मंडईत गेलो होतो. लक्ष्मी रस्त्यावर एक रिक्षा मागून भोंगा वाजवत अंगावर आली. लेकीने शांतपणे हात दाखवला, कडेला झाली. रिक्षा गेली. पुढच्याच सिग्नलला आम्ही दोघं तिच्या शेजारी उभे होतो.

आई आता नाही. तिची आहेराच्या साड्यांची ती पिशवी मात्र अजून घरात आहे. लांबच्या प्रवासाला निघताना सौ. त्यात डबा आणि पाण्याच्या बाटल्या भरते आणि मागच्या सीटवर ठेवते. गाडी सुरू करण्याआधी मी आरशात एकदा तिच्याकडे पाहून घेतो. गाडी भरलेली आहे, हे ध्यानात राहतं.