कामाचं वजन दिसायला हवं

परवा भाचीकडे म्हापशाला गेले होते. ती घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. दर दुसऱ्या सोमवारी त्यांची पुढच्या पंधरवड्याच्या कामाची बैठक असते, ती नेमकी तेव्हाच चालू होती. मी चहा घेऊन मागे बसले. पडद्यावर कामांची यादी आणि प्रत्येक कामापुढे एक आकडा: 2, 3, 8, 13.

"हे तास का गो?" बैठक आटोपल्यावर मी विचारलं.

"नाही मावशी, हे कामाचं वजन. दोनच्या मानाने आठचं काम साधारण चौपट जड."

त्यांच्या भाषेत याला 'स्टोरी पॉइंट' म्हणतात. तो ठरवण्याची रीत मला फार आवडली. प्रत्येकाने आकडा मनात धरायचा आणि सगळ्यांनी एकदम दाखवायचा. 'प्लॅनिंग पोकर' नावाची ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडली. एकदम अशासाठी, की साहेब आधी 'तीन' म्हणाले तर हाताखालच्यांचे तेरासुद्धा तीन होतात! एकाने 3 आणि दुसऱ्याने 13 दाखवले तर दोघांनीही कारण सांगायचं. पुष्कळदा तेरावाल्याला एखादी अडचण ठाऊक असते, जी बाकीच्यांच्या गावीही नसते.

'जिरा'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे कामाच्या पुढेच दिसतात आणि पंधरवड्याच्या यादीच्या डोक्यावर त्यांची बेरीजही दिसते. त्यामुळे 'एवढं एक छोटंसं काम घ्या ना' असं कुणी म्हटलं, की बेरीज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुगते. मग विचारता येतं, याच्या बदल्यात कुठलं काम काढू?

हे ऐकताना मला माझं टेबल आठवत होतं. मी सरकारी कचेरीत कारकून. महिनाअखेरीच्या तक्त्यात किती फायली निकाली काढल्या एवढंच लिहितात. एक फाईल दाखल्याच्या नकलेची, दहा मिनिटांची. दुसरीत 1961 पूर्वीचे पोर्तुगीज दस्त. ते वाचणारा जाणकार शोधा, नावं जुळवा, सर्व्हे नंबर ताडून बघा, तीन आठवडे जातात. तक्त्यात दोन्ही फायली सारख्याच, एक आणि एक. साहजिकच जड फाईल घेणारा आळशी ठरतो, आणि शहाणा माणूस हलक्या फायली उचलायला शिकतो. गोव्यात 2013 मध्ये ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा झाला, लोकांना मुदत कळू लागली, हे चांगलंच झालं. पण मुदत म्हणजे श्रम नव्हेत. सात दिवसांची मुदत असलेलं काम तासाभराचं असू शकतं किंवा सातही दिवस खाऊ शकतं.

याची दुसरी बाजूही भाचीनेच सांगितली. आकडा दिसू लागला की वरिष्ठ त्याने माणसं मोजू लागतात. अमक्याचे वीस, तुझे बाराच का? मग लोक तीनच्या कामाला आठ लावतात आणि आकड्याला अर्थ उरत नाही. 2001 च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सतरा जणांपैकी एक रॉन जेफ्रीज. स्टोरी पॉइंट बहुधा आपणच काढले आणि तसं असेल तर आता त्याचा खेद वाटतो, असं त्यांनी 2019 मध्ये लिहिलं.

म्हणून आकडा लपवावा का? मला नाही पटत. लपवल्याने श्रम कमी होत नाहीत, ते मुकाट्याने करणाऱ्याच्या माथी पडतात, एवढंच. आकडा काम करणाऱ्यानेच सांगावा, सगळ्यांना दिसावा, त्यावरून कामाची वाटणी व्हावी. बढती किंवा मेमो मात्र त्यावरून ठरू नये. ही हमी नसेल तर कुणी खरा आकडा सांगणारच नाही.

पुढच्या महिन्यापासून मी माझ्या यादीत प्रत्येक फाईलीपुढे पेन्सिलीने आकडा घालणार आहे. शेजारच्या टेबलाने विचारलं तर दाखवीनही.