द्राक्षाची नोंद आहे, मजुराची नाही

फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातून रात्री गेलात तर पॅकहाऊसच्या आवारात पांढरे, चाळीस फुटी कंटेनर घरघरत उभे असलेले दिसतात. हे रीफर कंटेनर, म्हणजे चालतं-फिरतं शीतगृह. आत युरोपला निघालेली द्राक्षं असतात. न्हावा-शेवा बंदरात हे कंटेनर जहाजावर चढतात आणि काही आठवड्यांनी रॉटरडॅमसारख्या बंदरात उतरतात. तिथल्या दुकानात तो घड आजच तोडल्यासारखा दिसतो.

ही किमया थंडीची आहे, आणि त्याहून जास्त नोंदीची आहे. उन्हं चढायच्या आत घड तोडायचे, पॅकहाऊसमध्ये निवडायचे, पनेटमध्ये भरायचे, मग प्रीकूलिंगमध्ये काही तासांत तापमान चार अंशांच्या खाली आणायचं आणि पुढे प्रवासभर शून्याच्या आसपास ठेवायचं. बुरशी लागू नये म्हणून पेटीत सल्फर डायऑक्साइडचा कागद ठेवतात. रस्त्यात कंटेनर जनरेटरवर चालतो, बंदरात बंदराच्या विजेवर आणि समुद्रात जहाजाच्या विजेवर. तापमान कधी किती होतं, हे यंत्र सतत नोंदवत असतं. माल खराब निघाला तर ती नोंद काढतात आणि साखळी कुठे तुटली, भरपाई कोणी द्यायची, हे ठरवतात.

नोंद कंटेनरच्याही आधी, बागेतच सुरू होते. अपेडाच्या ग्रेपनेटवर २००६ पासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते. कोणतं औषध कधी फवारलं ते लिहावं लागतं, निर्यातीआधी प्रयोगशाळेत उर्वरित अंश तपासावे लागतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश जास्त निघाले म्हणून आपले कंटेनर युरोपात अडकले, तेव्हापासून ही शिस्त आणखी कडक झाली. आज युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून ती कोणत्या बागेतली, हे शोधता येतं.

आता आमचा प्रश्न. त्या पेटीवरून तो घड कोणी तोडला, हे शोधता येईल का?

येणार नाही. छाटणी, विरळणी, डिपिंग ही कामं बहुतेक टोळ्या करतात. सुरगाणा, पेठ, कळवणकडून आदिवासी कुटुंबं येतात आणि गावातल्या भूमिहीन बौद्ध, मातंग वस्त्यांतल्या बाया रोजंदारीवर जातात. सौदा एकरी उक्ता ठरतो, तोही मुकादमाशी. उचल दिलेली असते, ती फिटेपर्यंत हिशेब मुकादमाच्या वहीत. वस्त्यांवर काम करताना आम्ही अशा वह्या पाहिल्या आहेत. त्यात लिहिलेलं असतं, ‘टोळी, १४ माणसं’. त्या चौदांची नावं नाहीत, तास नाहीत. बाई किती आणि पुरुष किती, तेही नाही. फवारणीने डोळे जळाले, शिडीवरून कोणी पडलं, तर तो त्या दिवशी कामावर होता हे सिद्ध करणारा एक कागद नसतो. द्राक्ष दोन अंशांनी तापलं तर जहाजावर भोंगा वाजतो. माणूस चाळीस अंशांत उभा असतो, तेव्हा कुठेच काही वाजत नाही.

काही जण म्हणतील, हा गरिबीचा प्रश्न आहे, यात जात कशाला आणता? मित्रांनो, महार वतन आठवा. वतनाचं काम म्हणजे काय होतं? किती तास करायचं, कोणाचं करायचं, किती मोबदल्यात करायचं, याला कसलंच माप नव्हतं. हाक आली की उठायचं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या बेमाप कामाविरुद्ध. पुढे ते मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाने कायदा दुरुस्त झाला आणि कारखान्यातल्या कामाला आठवड्याचे ४८ तास हे माप मिळालं. ज्या कामाला माप नाही त्याचा हक्क मागता येत नाही, आणि माप नोंदीशिवाय होत नाही. जातिव्यवस्थेने आपल्या लोकांची जात पिढ्यान्‌पिढ्या चोख नोंदवली, कष्ट मात्र कधीच नोंदवले नाहीत. आजची टोळीची वही त्याच परंपरेतली आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. द्राक्ष बागायतदारच कर्जात आहे, तो कुठून देणार? हे खोटं नाही. अवकाळी पावसाने मणी तडकतात. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा प्रवासाचे दिवस वाढले, भाडं वाढलं आणि झळ बागायतदारापर्यंत पोचली. पण झळ तिथे थांबली का? जहाज कंपनीचा करार असतो, निर्यातदाराचा विमा असू शकतो, बागायतदाराची निदान नोंदणी असते. ज्याच्याकडे कोणताच कागद नाही, त्याची मजुरी सगळ्यात आधी कापली जाते. आमचं भांडण छोट्या बागायतदाराशी नाही. त्यानेही निर्यातदाराकडे आणि युरोपातल्या खरेदीदाराकडे योग्य दर मागावा, आम्ही त्याच्या बरोबर उभे राहू. पण त्या दरात मजुराचा वाटा नावानिशी लिहिलेला असला पाहिजे.

हे अशक्य नाही. युरोपातल्या अनेक सुपरमार्केट साखळ्या ग्लोबलगॅपबरोबर ग्रास्प ही मजुरांच्या परिस्थितीची तपासणीही मागतात. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू आहे. परदेशातल्या पुरवठादाराकडे मजुरांचे हक्क तुडवले जात असतील तर तिथल्या मोठ्या कंपनीला जबाब द्यावा लागतो. तो कायदा पातळ करण्याचे प्रयत्न चालू आहेत, म्हणून तो वापरायची घाईही आपणच केली पाहिजे. पण तपासणीवाला येतो तेव्हा त्याला पॅकहाऊसमधले टोपी-हातमोजे घातलेले कामगार दिसतात. टोळी तोवर पुढच्या बागेत गेलेली असते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या ग्रेपनेटवर फवारणीची तारीख चढते, त्याच नोंदीत त्या बागेत काम केलेल्या माणसांची नावं, दिवस आणि मजुरी चढावी. समान कामाला बाईला समान मजुरी, आणि ती मुकादमाच्या हातात न देता तिच्या खात्यात. यासाठी नवं यंत्र लागणार नाही, आहे त्यात चार रकाने वाढवावे लागतील.

आणि हे होईपर्यंत आपण काय करायचं? वस्तीतल्या प्रत्येक शिकलेल्या मुला-मुलीने दहा मजुरांची हजेरी वही ठेवावी. तारीख, बाग, तास, ठरलेली मजुरी, मिळालेली मजुरी. एका हंगामाच्या अशा शंभर वह्या कामगार कार्यालयाच्या टेबलावर ठेवल्या तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. टोळ्या आदिवासींच्या आहेत, आपलं काय, असं म्हणणाऱ्यांनी आधी दादासाहेब गायकवाडांना आठवावं. ते याच दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. त्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तेव्हा जमीन फक्त एका जातीच्या भूमिहीनांसाठी मागितली नव्हती.

दादासाहेबांच्या तालुक्यातलं द्राक्ष आज समुद्र ओलांडतं, त्याच्या प्रत्येक तासाचा हिशेब असतो. ते तोडणाऱ्या हातांच्या तासांचा हिशेब आपण या हंगामापासून लिहायला घेऊ.

जय भीम.