पण गूळ चालतो ना?

मधुमेह झालेल्या माणसाला आपल्याकडे वैद्यांचा तुटवडा कधी पडत नाही. ताप आला म्हटलं की लोक विचारतात, "डॉक्टरला दाखवलंत का?" मधुमेह झाला म्हटलं की विचारणारा स्वतःच डॉक्टर होतो. जिन्यात गाठ पडलेला शेजारी मेथ्या सांगतो. बँकेतला कॅशिअर नोटा मोजता मोजता जांभळाच्या बियांची पूड सांगतो. आणि आमचा दाढी करणारा, वस्तरा ऐन गळ्यावर असताना, कारल्याचा रस सांगतो. तिथं 'नाही' म्हणायची आपली काय प्राज्ञा!

गेली बारा वर्षं हा आजार मी सांभाळतो आहे आणि त्या अधिकारानं आज एक आरोप करतो आहे. रक्तातली साखर गोळीनं, पथ्यानं, चालण्यानं आटोक्यात येते. आप्तेष्टांचा आग्रह कशानंच येत नाही. मधुमेह्याचा साखरेपेक्षा मोठा वैरी कोण असेल, तर तो हा आग्रह!

त्याची हत्यारं ठरलेली आहेत. पहिलं हत्यार, "एका पेढ्यानं काय होतंय?" काही होत नाही, एकदम कबूल. पण दहावीच्या निकालाला आमच्या सोसायटीत अकरा पोरं पास होतात. प्रत्येक घरच्या हिशेबात एकच पेढा असतो, माझ्या स्वादुपिंडाच्या हिशेबात अकरा. बरं, एका घरचा घेऊन दुसऱ्या घरचा नाकारावा, तर "त्यांचा चालला, आमच्याच बंड्याचा तेवढा कडू लागला!"

दुसरं हत्यार गुळाचं. "साखर चालत नाही, ठाऊक आहे हो भावजी. म्हणून तर मुद्दाम गुळाची पोळी केली!" गुळावर मराठी माणसाची जी श्रद्धा आहे, ती देवावरही नसेल. साखर कारखान्यातली म्हणून दुष्ट आणि गूळ गुऱ्हाळातला म्हणून सज्जन. अहो, पण ऊस एकच ना? गुळात चिमूटभर खनिजं जास्त असतील, बाकी बहुतेक सगळी साखरच. एकदा पोटात गेल्यावर हा गूळ खास कोल्हापूरचा आहे, अशी ओळख करून देऊन रक्तात सवलत मिळत नाही. मधाचीही तीच कथा.

तिसरं हत्यार उपवासाचं. "आज एकादशी, तेव्हा आज तुम्हांला काही बाधायचं नाही," असं म्हणून पुढ्यात येते साबुदाण्याची खिचडी, जोडीला बटाट्याचा कीस आणि वर एक केळं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, बटाटा त्याचा सख्खा भाऊ, आणि पिष्टाचं शेवटी ग्लुकोजच होतं. याउलट काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन खरोखरच उपाशी राहिलं, तर साखर ७० च्या खाली घसरते. घाम फुटतो, हात कापतात. अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आयुष्यात साखरेची खरी निकड असते ती एवढ्या पंधरा मिनिटांत, आणि नेमका त्याच वेळी आग्रह करणारा एकही माणूस जवळ नसतो!

इथवर थट्टा झाली. चौथ्या हत्याराची मात्र मला थट्टा करवत नाही. "गोळ्यांची सवय लागते हो. सोडून द्या त्या. ही पूड घ्या." आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी असल्याच सल्ल्यावरून आठ महिने गोळ्या बंद ठेवल्या. त्यांना अगदी छान वाटत होतं. या आजाराचा दुष्टपणा हाच आहे, की साखर चढलेली असली तरी फारसं काही दुखत नाही. दुखणं कळवणाऱ्या पायाच्या नसाच बधिर होत जातात. मास्तरांना नवी चप्पल चावली ते कळलंच नाही. जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. पूड सांगणारे गृहस्थ त्यांना भेटायला दवाखान्यात आले होते. येताना दुसरी पूड घेऊन आले होते.

माझं झाडपाल्याशी वैर नाही. मी रोज घेतो त्या मेटफॉर्मिनच्या गोळीचं मूळसुद्धा युरोपातल्या एका रानटी झुडपात आहे. पण फ्रान्समध्ये जाँ स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी १९५७ साली ती माणसांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं, ते मोजून, मापून, तपासून. कॅशिअरसाहेब नोटा दोनदा मोजतात, मग पुडीच्या बाबतीत हात इतका सैल का?

शिवाय प्रत्येक आग्रहाच्या पोटात एक टोमणा असतो. "फार गोड खाल्लंत वाटतं!" २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेही सुमारे दहा कोटी आहेत. हे दहा कोटी लोक काय कपाटाआड श्रीखंड खात होते? आनुवंशिकता, पोटावरची चरबी, बैठं काम अशी अनेक कारणं आहेत. त्यात यकृत हा घरभेदी. रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपावं, तर हा पहाटे स्वतःच्या कोठारातली साखर रक्तात ओततो! टोमण्यानं माणूस आजार लपवतो आणि तपासणीआधी दोन दिवस उपाशी राहून आकडा सजवतो. पण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर 'एचबीएवनसी' तपासणीत दिसते. तीन महिन्यांचं ते प्रगतिपुस्तक दोन दिवसांच्या अभ्यासानं सुधारत नाही.

"पण आग्रहामागे प्रेम असतं," असं तुम्ही म्हणाल. असतं. साखर रेशनच्या रांगेत मोजून मिळायची, तेव्हा पाहुण्याच्या वाटीत जादा चमचा घालणारी माउली खरोखरच स्वतःच्या तोंडचा घास देत होती. आज साखर कोपऱ्यावरच्या दुकानात मागाल तेवढी मिळते. आता टंचाई आहे ती 'नको' हा शब्द पहिल्या खेपेला ऐकून घेणाऱ्यांची.

म्हणून हात जोडून सांगतो. एकदा विचारा, 'नको' म्हटलं की वाढणं थांबवा. ताटात उसळ आणि कोशिंबीर सढळ हातानं वाढा, भात मला मागू द्या. आणि आग्रहाशिवाय राहवतच नसेल, तर जेवणानंतर चालायला चला म्हणून आग्रह करा. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. पंधरा मिनिटं माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत या, यापरता गोड पाहुणचार नाही.

संक्रांतीला तर जरूर या. तीळगूळ तुमच्या डब्यातच राहू द्या, मला नुसतं गोड बोललेलं चालतं.