पळता उजेड आणि उभा विठ्ठल

सप्ताहाच्या मंडपात पळत्या दिव्यांच्या माळा नकोत. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हे पटणारच नाही त्यांना पान उलटायची मोकळीक. ज्यांचे मत अजून बनलेले नाही, त्यांच्याशी मला बोलायचे आहे. कोजागिरी झाली की आपल्या पेण-रोह्याकडे काकडे सुरू होतात, त्यांच्या मागून सप्ताहांची रांग लागते, आणि डेकोरेटरला सुपारी त्याआधीच दिलेली असते. तेव्हा बोलायचे तर आत्ताच.

कोणत्या माळा म्हणतो ते आधी स्पष्ट करतो. साध्या पिवळ्या तोरणाबद्दल माझी तक्रार नाही. बाजारात ज्यांना ‘पिक्सेल’ म्हणतात, त्या माळांची गोष्ट आहे. मुंबईच्या लोहार चाळीतून त्या येतात आणि कमानीवर, कळसावर, आता तर थेट व्यासपीठाच्या मागच्या पडद्यावर चढतात. त्यांतल्या प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिप असते आणि लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे. प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, म्हणजे एका दिव्यात 1 कोटी 67 लाखांहून अधिक छटा. कंट्रोलरमधून एकाच तारेने हुकूम निघतो. पहिला दिवा आपल्या वाट्याचे चोवीस बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढच्याला देतो, दुसरा आपले घेऊन तिसऱ्याला. हजार दिव्यांपर्यंत हा निरोप पोचायला सेकंदाचा तीन शतांश भाग पुरतो. म्हणून तर त्या पडद्यावर मोर नाचतो, चक्र फिरते, पाणी वाहते.

एका तरुण कीर्तनकारांनी याच माळेचा दृष्टांत दिला होता. आपल्यापुरते घ्यावे, उरलेले पुढच्याला द्यावे, असे ही माळ शिकवते, दिंडीही तशीच चालते, असे ते म्हणाले. दृष्टांत गोड आहे, मंडपात टाळ्याही पडल्या. पण माऊली, तो अर्धाच आहे. माळेत मधला एक दिवा मेला की बहुतेक माळांत त्याच्या पुढचे सगळे आंधळे होतात. दिंडीत एखादा टाळकरी थकून बसला तर मागचा टाळ थांबत नाही. आणि माळेतला दिवा जे पुढे देतो ते त्याला कळलेले नसते. वारकरी अभंग पुढे देतो तो आधी स्वतः गाऊन.

आता मुद्द्यावर येतो. कीर्तनात लय एकच असते. पखवाजी कीर्तनकाराच्या हाताकडे आणि मानेकडे पाहतो, टाळकरी पखवाजाकडे कान लावतात, आणि ठाय लयीत सुरू झालेला अभंग हळूहळू चढत जातो. सगळा मंडप त्या चढण्याबरोबर चढतो. मागच्या पडद्याची चाल मात्र मेमरी कार्डात आधीच भरलेली असते. अभंग रेंगाळला म्हणून ती रेंगाळत नाही, निरूपणात कीर्तनकार क्षणभर गप्प झाले म्हणून ती थांबत नाही. कानाला एक लय आणि डोळ्याला दुसरी. या भांडणात डोळा जिंकतो, हे कोणत्याही मंडपात पोरांच्या माना पाहून कळेल. मोठ्यांच्याही.

दुसरी गोष्ट रंगाची. वस्तू तिच्यावर पडणाऱ्या उजेडातलाच रंग परत देऊ शकते. नुसता लाल उजेड पडला तर हिरवी तुळस काळी दिसते. नुसता निळा पडला तर पिवळा पीतांबर काळवंडतो. देवाला सकाळी कौतुकाने नेसवलेला पीतांबर रात्री दर दोन सेकंदांनी काळा, हिरवट, जांभळा होत राहतो, आणि आपण त्याला सजावट म्हणतो. पेणकरांनी तरी हे सहन करू नये. हमरापूर, जोहे या गावांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एका पापणीसाठी श्वास रोखून धरतो. देशापरदेशात पेणच्या मूर्तीची ओळख त्या नजरेमुळे आहे. तिच्या तोंडावर लाल-निळा मारा करून ती नजरच पुसून टाकायची, आणि तीही पेण तालुक्यातच?

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. व्यासपीठावरच्या पट्टीवर ‘रामकृष्णहरी’ उजवीकडून डावीकडे धावते. ‘राम’ आत शिरतो तेव्हा ‘हरी’ आलेला नसतो, ‘हरी’ येतो तोवर ‘राम’ कापला गेलेला असतो. त्याच पट्टीवर, त्याच वेगाने, त्यामागून प्लॉट विकणाऱ्याचे नाव धावते, मग कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, मग पुन्हा नाम. देणगीदाराचे नाव जाहीर करायला ना नाही. काल्याच्या दिवशी ते वाचून दाखवतातच, आणि फलक लावायला मंडपाबाहेर जागा आहे. पण नाम आणि जाहिरात एकाच पट्टीवर एकामागे एक पळू लागली की बघणाऱ्या लेकराला दोन्ही एकाच जातीच्या वाटतात. त्या लेकराला वेगळे सांगणार कोण?

विजेच्या बिलाचा मुद्दा मी काढणार नाही, कारण तो खोटा आहे. पाच व्होल्टचा असा एक दिवा पूर्ण पांढरा जळला तरी साधारण 0.3 वॅट खातो, म्हणजे हजार दिवे मिळून जुन्या साठ वॅटच्या पाच बल्बांएवढे. वीज वाचते हे डेकोरेटरचे म्हणणे बरोबर आहे. ‘झटका बसत नाही’ हे मात्र अर्धेच बरोबर. माळेत पाच किंवा बारा व्होल्ट असतात, पण तिला वीज देणारा डबा 230 व्होल्टवर चालतो, आणि तो बहुधा स्टेजखाली ओल्या गवतात, जोडाला नुसती पट्टी गुंडाळून ठेवलेला दिसतो. कार्तिकातही आपल्याकडे एखादी सर येऊन जाते. गळतीचा करंट तोडणारा स्विच आणि अर्थिंग आहे का, हे विचारणारा मंडळात एक तरी माणूस असावा.

डोळ्यांचे आणि डोक्याचेही पाहा. जपानमध्ये 16 डिसेंबर 1997 रोजी मुलांच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे बारा वेळा लपलपला, आणि त्या संध्याकाळी जवळजवळ सातशे जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावे लागले. काहींना फेपरे आले. आपल्या पडद्यांवरचा शेवटचा ‘धमाका’ याच लाल-निळ्याचा असतो. कीर्तनाला पुढे बसतात ती लहान मुले आणि मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्या माऊल्या. गणपती मिरवणुकांतल्या लेझरने 2023 साली कित्येकांचे डोळे बिघडल्यावर पुण्यात पोलिसांना बंदी घालावी लागली. पिक्सेल म्हणजे लेझर नव्हे, त्याने पडदा जळत नाही, हे मी मान्य करतो. पण हुकूम येण्याआधी आपणच शहाणे व्हायला काय हरकत आहे?

‘मग रोषणाई बंदच करायची का?’ असे कुणी विचारील. नाही. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, गाव रात्रभर जागे असते. पालखी चालती आहे, तिच्या वाटेवरचा उजेडही चालता असला तर शोभून दिसतो. खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाच्या यात्रेत पाळणे आणि मिठाईची दुकाने लखलखतात, शेजारी सुक्या मासळीचा बाजार भरतो. देवाला कशाचेच वावडे नाही. पण तो बाजार बाजाराच्या जागी असतो. आपला विठ्ठल उभा आहे, कमरेवर हात ठेवून, काही न करता. त्याच्यासमोर बसून माणसाने थोडे थांबावे, एवढ्यासाठी तर मंडप घालतो.

‘गॅसबत्तीही एकदा नवीच होती,’ हेही ऐकवतात. होती. दिवटी गेली, गॅसबत्ती आली, ती गेली, ट्यूब आली. पण त्यांतली प्रत्येक पोथीची ओळ आणि माणसाचा चेहरा दिसावा म्हणून आली. पिक्सेलचा पडदा काही दाखवायला येत नाही, स्वतःकडे बघायला लावायला येतो. पंढरपुरात 2024 साली गाभाऱ्यातले ग्रॅनाइट काढून जुना दगड मोकळा केला. त्यासाठी पदस्पर्श दर्शन मार्चपासून जूनपर्यंत बंद राहिले, आणि वारकऱ्यांनी ते सोसले. तिथे वरून चिकटवलेले उतरवायचे आणि गावी आपण नवे चिकटवायचे, हे कसले वेळापत्रक?

राहिला तरुणांचा प्रश्न. रोषणाईमुळे पोरे येतात, हे खरे आहे. ती येतात, मोबाईलवर चित्र घेतात, आणि निरूपण रंगात येण्याआधी जातात. जे राहतात ते टाळ हातात मिळालेले असतात म्हणून. ज्या मुलाला हजार दिव्यांचा प्रोग्राम बसवता येतो तो हुशार आहे, त्याला हाकलू नका, काम द्या. त्याच माळेला एका जागी स्थिर, मऊ पिवळसर उजेड देता येतो. नवे सामान लागत नाही, फक्त कार्डातली फाईल बदलावी लागते. आणि तो उजेड न्यायचा कुठे, हे आयाबहिणींना विचारा. पंगतीमागे भांडी घासण्याची जागा अंधारात असते. तात्पुरत्या शौचालयाची वाट अंधारात असते. पहाटे चारला काकड्याला येणाऱ्या म्हातारीच्या पायाखालची पायरी अंधारात असते. कमानीवर मोर नाचतो आहे आणि खाली ती भिंत चाचपते आहे, असे किती गावांत दिसते ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

तेव्हा यंदा सुपारी देताना चिठ्ठीवर लिहून घ्या की हरिपाठ सुरू झाल्यापासून कीर्तन संपेपर्यंत मंडपातला एकही दिवा हलणार नाही, आणि देवाच्या अंगावर पांढऱ्या-पिवळ्याखेरीज रंग पडणार नाही. कंट्रोलरचे बटण विणेकऱ्यांच्या जवळच्या खांबावर लावून घ्या. व्यासपीठामागच्या पडद्याचा आकडा यादीतून खोडून, तेवढ्यात पंगतीच्या मागे, शौचालयाच्या वाटेवर आणि देवळाच्या पायऱ्यांवर किती दिवे बसतील, हे डेकोरेटरलाच विचारा. तो हिशेब तो उभ्याउभ्या करून देतो.