तो निघाला तर पेढे, ती निघाली तर?

मे महिन्यात मुलगा पुण्याहून सुट्टीला आला की आमच्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही माझा राहत नाही. माझ्या मालिका संपल्या की याचा फुटबॉल सुरू होतो, तो थेट रात्री अडीच-तीनपर्यंत. ह्यांची झोपमोड, माझी चिडचिड, आणि सकाळी दहापर्यंत चिरंजीव गाढ झोपेत! २०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी ओट्याशी भाजी निवडत होते आणि हा फोनवर मित्राशी तावातावानं बोलत होता, ‘अरे, जाणारच तो! एवढ्या मोठ्या घरून बोलावणं आल्यावर कोण थांबेल?’ मला वाटलं, कुणाचं तरी स्थळ ठरतंय. विचारलं तर म्हणाला, ‘आई, शाबी अलोन्सो लेव्हरकूझन सोडून रेआल माद्रिदला जाणार का, ते चाललंय.’

फुटबॉल मला अगदीच परका नाही. माझं माहेर कोल्हापूरचं. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असले की आमची पेठ ओस पडायची. एका तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीकडून उतरला की आठवडाभर गल्लीत तोच विषय. म्हणून ‘जाणार की थांबणार’ हा प्रश्न ऐकला आणि भाजी बाजूला ठेवून मी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं.

फुटबॉलचा मॅनेजर म्हणजे बँकेचा मॅनेजर नव्हे. संघ कसा खेळेल, कोण खेळेल, कोण बाकावर बसेल, नवा खेळाडू कोणता घ्यायचा, रुसलेल्याची समजूत कशी काढायची, हे सगळं तोच पाहतो. एकत्र कुटुंबातल्या मोठ्या सुनेसारखं म्हणा ना! सणवार नीट पार पडला तर घराण्याचं नाव, आणि वरणात मीठ जास्त झालं तर तिची चूक. फरक एवढाच की मॅनेजरला त्याचा भरपूर पगार मिळतो.

हा अलोन्सो मूळचा स्पेनचा. खेळाडू म्हणून २०१० चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यानं जर्मनीतल्या बायर लेव्हरकूझन क्लबची सूत्रं हाती घेतली, तेव्हा तो संघ अठरांत सतरावा होता. लेव्हरकूझन हे काही बर्लिनसारखं महानगर नाही. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीमुळे आपल्याला माहीत असलेल्या बायर कंपनीचं ते गाव, आणि त्या कंपनीच्या कामगारांनीच १९०४ मध्ये सुरू केलेला हा क्लब. जर्मन लीगचं विजेतेपद त्यांना कधीच मिळालं नव्हतं. २००२ मध्ये तर लीग, जर्मन चषक आणि युरोपातली चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे अगदी तोंडाशी आलेला घास गेला. लोक त्यांना कायमचे ‘दोन नंबरी’ म्हणून चिडवायचे.

अशा संघाला अलोन्सोनं दीड वर्षात जर्मनीचा विजेता केलं. तेही कसं? २०२३-२४ च्या लीगमधल्या ३४ सामन्यांपैकी २८ जिंकले, ६ बरोबरीत सुटले आणि एकही हरले नाहीत. त्याआधी सलग अकरा वर्षं बायर्न म्युनिक हा धनाढ्य क्लबच जिंकत आला होता. त्या हंगामात जर्मन चषकही त्यांनीच पटकावला. हरले ते फक्त एक सामना, युरोपा लीगचा अंतिम.

साहजिकच मोठ्या घरांची नजर गेली. २०२४ च्या सुरुवातीला बायर्न आणि लिव्हरपूल या दोन्ही क्लबांना नवा मॅनेजर हवा होता, आणि अलोन्सो खेळाडू म्हणून दोन्हीकडे खेळलेला. पण मार्चमध्ये त्यानं जाहीर करून टाकलं, मी इथेच थांबतो, माझं काम अजून संपलेलं नाही. सगळीकडे कौतुक झालं. किती निष्ठावान माणूस! आणि पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, तोच माणूस लेव्हरकूझन सोडून रेआल माद्रिदला गेला. झालं! वर्षभरापूर्वी निष्ठेचे गोडवे गाणारे कुजबुजायला लागले, शेवटी गेलाच ना!

मला विचाराल तर, दोन्ही वेळी तो एकच माणूस होता. २०२४ मध्ये त्याला वाटलं की शिकणं बाकी आहे, म्हणून थांबला. २०२५ मध्ये वाटलं की आता वेळ झाली, म्हणून निघाला. लहान क्लबचं दुखणंही समजून घ्यायला हवं. संघ चांगला खेळला की त्यातले उत्तम खेळाडू मोठे क्लब पैसे मोजून घेऊन जातात. मॅनेजरनं दरवर्षी नव्यानं जोडाजोड करायची. मोठ्या क्लबकडून बोलावणं काही रोज येत नाही. आज नाकारलं आणि पुढच्या हंगामात संघ घसरला, तर दार पुन्हा उघडेलच असं नाही.

अर्थात मोठ्या घरी सुखच असतं, असंही नाही. डेव्हिड मॉयेस यांनी एव्हर्टन हा क्लब अकरा वर्षं सांभाळला. २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्यांना बोलावलं, सहा वर्षांचा करार केला आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. अलोन्सोचंही माद्रिदमध्ये फार काळ जमलं नाही. जानेवारी २०२६ मध्ये तो तिथून बाहेर पडला. बडा घर पोकळ वासा, ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच केली नाही. पण धोका आहे म्हणून माणसानं उंबरठाच ओलांडू नये, हेही मला पटत नाही.

हे सगळं ऐकल्यावर मी मुलाला सहज विचारलं, ‘या धंद्यात बाई कुणी नाही का रे?’ तेव्हा त्यानं एमा हेसचं नाव सांगितलं, आणि खरी गोष्ट मला तिथे सापडली.

एमा हेस लंडनची. २०१२ मध्ये चेल्सीच्या महिला संघाची मॅनेजर झाली आणि बारा वर्षं राहिली. त्या काळात संघानं इंग्लंडची महिला लीग सात वेळा जिंकली, त्यांतली शेवटची पाच ओळीनं. आता गंमत बघा. २०२१ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली की एएफसी विम्बल्डन या क्लबच्या पुरुष संघासाठी हेसचा विचार होतोय. हा पुरुष संघ त्या वेळी इंग्लंडमधल्या तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये, आणि तिथेही तळाशी धडपडत होता. इकडे हेसचा संघ देशात अव्वल, त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेलेला. तरी विचारणाऱ्यांचा सूर असा, की बाईंना केवढी मोठी बढती मिळतेय!

हेस काही लाजून गप्प बसली नाही. महिला संघाकडून तिकडे जाणं याला बढती समजणं हा महिला फुटबॉलचा अपमान आहे, अशा अर्थाचं ती स्पष्ट बोलली. वर हेही सांगितलं की त्या क्लबला मी परवडणार नाही. मुलगा हे सांगत असताना मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

कारण ‘मोठं’ कशाला म्हणायचं, हे ठरवतं कोण? इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल शहरात डिक केर कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. लगेच पुढच्या वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या क्लबांची मैदानं त्यांना द्यायला मनाई केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. आधी जागा काढून घ्यायची आणि मग म्हणायचं, तुमचं सगळं लहानच!

हेस पुढे गेली, पण स्वतः ठरवून. नोव्हेंबर २०२३ मध्येच क्लबनं जाहीर केलं की हंगाम संपल्यावर ती जाईल. म्हणजे सहा महिने आधी. लहान मुलासाठी वेळ मिळत नाही, हेही तिनं त्या काळात मोकळेपणानं सांगितलं. मे २०२४ मध्ये शेवटच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडला ६-० हरवून सातवं विजेतेपद घेतलं आणि मग ती अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाकडे गेली. आदल्या वर्षीच्या विश्वचषकात तो संघ लवकर बाहेर पडून खचला होता. हेस आल्यावर तीनच महिन्यांत, ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात त्यांनी ब्राझीलला १-० हरवून सुवर्णपदक जिंकलं. आणि चेल्सीचं काय? तो संघ कोलमडला नाही. नव्या मॅनेजर सोनिया बोम्पास्टोर यांनी पुढच्या हंगामात एकही सामना न हरता लीग जिंकली.

मैत्रिणींनो, इथे मला माझी एक गोष्ट कबूल करायला हवी.

आमच्या गावात मी बरीच वर्षं बचत गटांचं काम करते. आमच्या एका गटात बारावी शिकलेली एक सून आली. आधी नुसती कोपऱ्यात बसायची. पुढे गटाचं रजिस्टर तिच्या हाती आलं आणि दोन वर्षांत गटाचं रूपच पालटलं. थकलेले हप्ते वसूल झाले, बँकेचं कर्ज वेळेवर फिटलं, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी बाहेरगावाहून यायला लागल्या. मग एक दिवस जिल्ह्याच्या गावच्या एका मोठ्या संस्थेनं तिला सहयोगिनी म्हणून बोलावलं. पगार, प्रवासभत्ता, चाळीस गटांचं काम. तिच्या सासूबाईंनीसुद्धा होकार दिला होता. ती मला विचारायला आली.

मी काय म्हणाले असेन? ‘अगं, या बायका तुझ्या जिवावर आहेत. तू गेलीस तर गट मोडेल. पैसा काय, आज आहे उद्या नाही.’ ती काही बोलली नाही, मान हलवून गेली. नकार कळवला. मी चार ठिकाणी तिच्या निष्ठेचं कौतुक केलं. खरं सांगायचं तर ते कौतुक माझ्या सोयीचं होतं. ती होती म्हणून मला रजिस्टर उघडून बघावं लागत नव्हतं.

वर्षभरानं त्याच संस्थेचं पुन्हा बोलावणं आलं. या वेळी ती विचारायला आली नाही, सांगायला आली. मी पुन्हा तोच पाढा सुरू केला, तेव्हा शांतपणे म्हणाली, ‘ताई, तुमचा मुलगा पुण्याला निघाला तेव्हा तुम्ही सगळ्या आळीत पेढे वाटलेत. मी जाते म्हणते तर गट मोडेल म्हणता.’

मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही.

आपल्याकडे मुलगा गाव सोडतो तेव्हा ती प्रगती असते. मुलगी गाव सोडते ती लग्न होऊन. पण कर्तबगार बाई स्वतःच्या कामासाठी उठून निघाली, की सगळ्यांना आधी आपली गैरसोय दिसते. घरात सासू, शाळेत मुख्याध्यापिका, संस्थेत माझ्यासारखी ‘ताई’, सगळ्या मिळून तिला थांबवतो आणि वर त्याला त्याग, निष्ठा अशी सुंदर नावं देतो. पुरुष मॅनेजरला निदान कौतुक आणि टीका दोन्ही मिळतात. बाईला अनेकदा बोलावणं आलं होतं हेसुद्धा कुणाला कळत नाही.

माझं म्हणणं असं नाही की प्रत्येकीनं मोठ्याच्या मागे धावावं. जिला आपल्या गावात, आपल्या गटात रमायचंय तिनं खुशाल रमावं; अलोन्सो एक वर्ष थांबला ते काही वाया गेलं नाही. पण थांबणं तिचं स्वतःचं असावं, आपण तिच्यावर लादलेलं नसावं. आणि जाणारीनं हेसचा धडा घ्यावा. वेळेवर सांगावं, हाती घेतलेला हंगाम पुरा करावा, मागच्यांना उभं करून जावं. एका बाईच्या जाण्यानं जो गट मोडतो, तो गट बांधताना आपलंच काहीतरी चुकलेलं असतं. ते खापर तिच्या डोक्यावर फोडू नये.

तिनं दोन महिने आधी सांगितलं होतं. त्या दोन महिन्यांत एका लाजऱ्याबुजऱ्या सभासद बाईला शेजारी बसवून सगळा हिशेब शिकवला. शेवटच्या बैठकीला मी पेढे घेऊन गेले. पावकिलोच होते, पण प्रत्येकीच्या हातावर ठेवले, आणि पहिला तिच्या हातावर.

परवा त्या नव्या हिशेबनीसबाईंनी माझ्या जुन्या नोंदीतली चाळीस रुपयांची चूक काढली आणि सगळ्यांसमोर ती मला वाचून दाखवली!