पाय कोणता लिहू?

सावेडीत, मनमाड रस्त्याच्या आणि प्रोफेसर कॉलनीच्या आसपास, रुग्णालयांच्या पाट्यांची जी दाटी झाली आहे, तीतील कोणत्याही दाराआड दुपारच्या वेळी डोकावावे, तर देयकांच्या खिडकीशी एक दृश्य दिसण्याचा संभव फार: पायाला घट्ट मोजे चढवलेला, आदल्या दिवशी शस्त्रक्रिया झालेला एखादा एस. टी. कंडक्टर बाकावर बसला आहे, पिशव्या भरून ठेवल्या आहेत, गावाकडची गाडी बाहेर खोळंबली आहे, आणि टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, आलेल्या क्वेरीचे उत्तर द्यावयाचे म्हणून खिडकीआडचा कारकून फोनवर शल्यचिकित्सकास विचारीत आहे, ‘सर, पाय कोणता लिहू?’ बाकावरच्या माणसास जे ठाऊक आहे ते दप्तरास ठाऊक नाही, हा रुग्णालयीन देयके व संकेतांक लिहिण्याच्या आमच्या व्यवसायातील दोष त्या चार शब्दांत पुरता उघडा पडतो.

अपस्फीत नीला, ज्यांना आपण सारे व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो, त्यांच्या देयकाइतकी परीक्षा क्वचितच दुसरे देयक पाहत असेल. रोगाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या व्याधीला आय-८३ हा संकेतांक आहे. व्रण असेल तर ८३.०, दाह असेल तर ८३.१, दोन्ही असतील तर ८३.२, आणि दोन्ही नसतील तर ८३.९. घोट्याजवळ जखम वाहत असताना केसपेपरवर नुसते ‘व्हेरिकोज व्हेन्स’ एवढेच लिहिले, तर कारकुनाच्या हाती ८३.९ वाचून गत्यंतर उरत नाही, आणि मग ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी होती काय, या प्रश्नाला आपणच निमंत्रण दिलेले असते.

दाव्याच्या प्रमाणित नमुन्यातील रुग्णालयाने भरावयाच्या भागात शस्त्रक्रियेचा जो पीसीएस संकेतांक मागितला जातो, त्याची सात अक्षरे याहून चिकित्सक आहेत; उजवी नीला आणि डावी नीला तेथे भिन्न, आणि नीला ओढून काढणे व लेसरने किंवा रेडिओलहरींनी जाळणे हेही भिन्न. अमेरिकेची देयके हाताळणाऱ्या आमच्या बंधूंना तर लहान छेदांची संख्यासुद्धा मोजावी लागते: एका पायावर १० ते २० छेद असतील तर ३७७६५, त्याहून अधिक असतील तर ३७७६६. ज्याने छेद दिले त्याने संख्या लिहिली नसेल, तर ती कोणत्याही ग्रंथात शोधून सापडणार नाही. संकेतांक म्हणजे तिजोरीची किल्ली नव्हे. तो केसपेपरचा गोषवारा आहे, आणि मूळ मजकूरच नसेल तर गोषवारा कशाचा काढावयाचा?

याहून गंभीर गोष्ट मुदतीची आहे. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत या व्याधीसाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे, आणि पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी ती कमाल ३६ महिन्यांपर्यंत जाऊ शकते. रुग्ण भोळेपणाने सांगतो की शिरा दहा वर्षांपासून फुगल्या आहेत. तेव्हा ‘दहा वर्षांच्या’ जागी ‘दोन महिने’ लिहिण्याचा मोह कधी नातेवाइकांच्या आग्रहाने, तर कधी आमच्याच दयाबुद्धीने उत्पन्न होतो. ही दया नव्हे, दस्तऐवजातील फेरफार होय. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की विमा कंपनीस पूर्वीच्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या लबाडीचा. म्हणजे आज आपण खोडलेला एक शब्द उद्या त्याच रुग्णाच्या हृदयविकाराच्या दाव्यापुढे आडवा येऊन उभा राहू शकतो.

विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी ३ तासांत देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, हे योग्यच झाले. कंपन्यांच्या दिरंगाईविषयी आमची तक्रार जुनी आहे आणि ती आम्ही मागे घेत नाही. एकाच बाबीवर तीन वेळा क्वेरी काढणे हा वेळकाढूपणाच होय. परंतु घड्याळ त्यांच्यासाठी लागले असताना आपला कागदच अपुरा असेल, तर तक्रारीचा नैतिक अधिकार आपल्याकडे कितपत राहतो, याची रुजुवात ज्याची त्याने करावी.

यास्तव शल्यचिकित्सकांना आमची विनंती आहे की, रुग्ण टेबलावरून हलण्यापूर्वी पाच गोष्टी स्वहस्ते लिहाव्यात: पाय कोणता, नीला कोणती, व्याधीची सीईएपी (तीव्रतेची) श्रेणी कोणती, पद्धती कोणती आणि छेद किती. डॉपलरचा अहवाल, आणि व्रण असल्यास त्याचे शस्त्रक्रियेपूर्वीचे छायाचित्र, त्याच दिवशी फाईलला जोडावे. आणि देयकांच्या खिडकीत बसणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे की, लिहिलेले नसेल ते अंदाजाने भरू नये. फाईल परत पाठवावी, मग ती कितीही मोठ्या डॉक्टरांची असो.